‘तुला कोणी आहे का?’ : एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

हा भाग ज्यांनी ऐकला नाही, किंवा ज्यांना कानांपेक्षा डोळ्यांनी इतिहास बरा समजतो, त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती. बोलताना जे अर्धवट राहिलं ते इथे थोडं नीट मांडलंय.

आजचा विषय राजे, लढाया, गड यांचा नाही. सरकारच्या अगदी खालच्या पायरीवरचा माणूस, म्हणजे कोतवाल, तलाठी, पोलीस पाटील किंवा एखाद्या संस्थेचा नवखा कार्यकर्ता, एखाद्या म्हाताऱ्या किंवा असहाय माणसाच्या दारात उभा राहून काय विचारतो, याचा हा इतिहास आहे. मी या विषयाकडे वळलो, कारण तो नवखा कार्यकर्ता एकेकाळी मीच होतो.

2013 चा हिवाळा. शिक्षण संपवून मी पहिल्या नोकरीला लागलो होतो. एका संस्थेने मला यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगाव तालुक्यात पाठवलं. काम सोपं होतं. गावोगाव जायचं, साठीच्या पुढच्या लोकांना भेटायचं, दोन पानांचा फॉर्म भरायचा. बाभुळगाव म्हणजे यवतमाळहून धामणगाव रेल्वेला जाणाऱ्या रस्त्यावरचं तालुक्याचं ठिकाण. आजूबाजूला कापूस, तूर, सोयाबीन. तालुक्यातच बेंबळा नदीवरचं धरण. वेचणीचे दिवस होते, त्यामुळे दुपारी गावात फक्त म्हातारी माणसं, लहान पोरं आणि कुत्री.

एका घरी गेलो. सुनेने ओसरीवर खुर्ची टाकली, चहा ठेवला. मागून एक आजी आली आणि भिंतीला टेकून बसली. मी विचारलं, “कोणासोबत राहता?” आजीने आधी सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “पोरापाशीच रायतो, बाबू. सगळं चांगलं हाये.” मी ‘कुटुंबासोबत’ या चौकटीत खूण केली. चहा प्यायलो. निघताना आजीने विचारलं, “आता कधी येशीन?” मी म्हटलं, “येईन की.” आणि पुढच्या घरी गेलो.

त्या चौकटीतल्या खुणेचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी ती चौकट आली कुठून, ते पाहू.

दुष्काळातली यादी

आपल्याला सव्वाशे वर्षं मागे जावं लागेल. वऱ्हाड 1853 पासून निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलेलं. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वणीच्या नावाने ओळखला जायचा. यवतमाळ हे नाव जिल्ह्याला 1905 मध्ये मिळालं. गावाचा कारभार पटेल आणि पटवारी यांच्या हातात. मुंबई इलाख्यात पाटील-कुलकर्णी म्हणत, आपल्याकडे पटेल-पटवारी.

1896-97 आणि लगेच 1899-1900 असे दोन मोठे दुष्काळ पडले. वऱ्हाडाला दुसऱ्याने जास्त झोडपलं. त्याआधीच, 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर, सरकारने दुष्काळ संहिता तयार केल्या होत्या. त्यांचा गाभा असा: ज्याच्या अंगात ताकद आहे त्याने खडी फोडायची, रस्त्याच्या किंवा तलावाच्या कामावर जायचं आणि मजुरी घ्यायची. पण जो काम करूच शकत नाही त्याचं काय? आंधळा, पांगळा, फार म्हातारा, वेडसर. अशांसाठी गावातच फुकट मदत देण्याची तरतूद होती.

ही फुकट मदत कोणाला द्यायची, हे कोण ठरवणार? यादी गावच्या अधिकाऱ्यांनी करायची. मग मंडळ सांभाळणारा कनिष्ठ अधिकारी घोड्यावरून किंवा पायी गावोगाव फिरून ती तपासणार. माझ्या मते, आपल्या भागात असहाय प्रौढ माणसाच्या दारात जाऊन चौकशी करण्याचं सरकारी काम पहिल्यांदा पद्धतशीरपणे सुरू झालं ते इथे.

त्या चौकशीत एक अट होती. माणूस अपंग किंवा म्हातारा असणं पुरेसं नव्हतं. त्याला सांभाळू शकेल आणि सांभाळणं ज्याचं कर्तव्य आहे, असा नातेवाईक नसला पाहिजे. थोडक्यात, अधिकारी दारात येऊन विचारणार, “तुला कोणी आहे का?” कोणी असेल तर नाव यादीतून बाद.

सरकारच्या बाजूने बघितलं तर प्रश्न बरोबरच होता. तिजोरीतला पैसा मोजून द्यायचा होता. पण त्या प्रश्नाचा रोख कुठे आहे बघा. सरकारवर भार पडेल का, हे तपासायचं होतं. जो ‘कोणी’ आहे तो खायला घालतो का, मारतो का, हे विचारायचं कारणच नव्हतं.

ज्याला रकाना नव्हता

त्याच काळातला दुसरा कागद म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद. विदर्भातल्या लोकांना ‘कोतवाल बुक’ हा शब्द चांगला माहीत आहे. जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांची नोंद शोधायला आज लोक रेकॉर्ड रूममध्ये रांगा लावतात, तीच ही वही. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, कशाने मेलं, हे गावपातळीवरून वर कळवलं जायचं. मृत्यूच्या कारणांचे ठरावीक गट असत: पटकी, देवी, ताप, हगवण, पुढे प्लेग, मग इजा, आणि उरलेलं सगळं ‘इतर’.

हे गट साथीच्या रोगांवर नजर ठेवण्यासाठी केले होते, आणि त्या कामाला ते उपयोगी पडले. पण समजा एखादी म्हातारी गोठ्यात उपाशी राहून मेली, तर ती कुठे लिहिणार? शेवटी अंगात ताप असेलच, लिहा ‘ताप’. म्हणजे इतिहासकाराने ती वही कितीही चाळली तरी दुर्लक्षाने मेलेला माणूस त्यात सापडणार नाही. तेव्हा असं घडत नव्हतं असा त्याचा अर्थ होत नाही. ‘पूर्वी घराघरात म्हाताऱ्यांचा मान होता’ असं आपण सहज म्हणून जातो. असेलही बऱ्याच घरात. पण ज्या घरात नव्हता, त्या घराची नोंद ठेवायची जागाच कोणी आखली नव्हती, हेही लक्षात ठेवलं पाहिजे.

कायदा हळूहळू आला

1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोटगीचं कलम होतं, 488 क्रमांकाचं. पण ते बायको आणि मुलांपुरतं. आई-बाप त्यात नव्हते. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने म्हाताऱ्या, अशक्त आई-वडिलांना सांभाळण्याची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर टाकली. 1973 ची नवी फौजदारी संहिता आली तेव्हा कलम 125 मध्ये आई-वडील आले, मग धर्म कोणताही असो. आता तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्ये आहे.

या कलमावरचा एक महत्त्वाचा निकाल आपल्या महाराष्ट्रातल्या प्रकरणावर झाला. कल्याणमध्ये डॉक्टरकी करणाऱ्या एका विवाहित मुलीविरुद्ध वडिलांनी पोटगी मागितली. मुलीचं म्हणणं होतं की कलमात ‘त्याचे’ आई-वडील असा शब्द आहे, म्हणजे जबाबदारी मुलाची. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि 1987 मध्ये न्यायालयाने सांगितलं की लग्न झालेली मुलगीही, तिची ऐपत असेल तर, जबाबदार आहे.

पण कोर्टात जायचं कोणी? ज्या म्हाताऱ्याला बस स्टँडपर्यंत चालवत नाही, त्याने वकील लावून मुलावर केस करायची. यावर उपाय म्हणून 2007 मध्ये आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा आला. महाराष्ट्रात तो 2009 मध्ये लागू झाला, नियम 2010 मध्ये झाले. कायदा बऱ्यापैकी हुशारीने केलेला आहे. दाद मागायची उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एसडीओ साहेबांकडे. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल, फार तर आणखी 30. दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह भत्ता. अपत्य नसेल तर जो नातेवाईक मालमत्ता घेणार आहे त्याच्यावर जबाबदारी. म्हाताऱ्याला स्वतः अर्ज करता येत नसेल तर त्याच्या वतीने दुसरी व्यक्ती किंवा संस्था करू शकते. एवढंच काय, न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. कलम 24 प्रमाणे ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि कलम 23. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता लिहून दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर ती लिखापढी रद्द होऊ शकते. ही अट कागदावर असलीच पाहिजे का, यावर बराच काळ वाद चालला. 2022 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने अट दाखवून द्यावी लागेल असं म्हटलं. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने कायद्याचा हेतू बघून अर्थ लावा असं सांगितलं आणि आईची मालमत्ता आईला परत दिली.

कायदा आहे, अधिकारी आहे, कलमं आहेत. मग अडतं कुठे? दार कोण ठोठावणार, इथे अडतं.

नियमांत पोलीस ठाण्यांना एक काम दिलंय: हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, यादी ठेवायची, आणि महिन्यातून एकदा तरी पोलिसाने शक्यतो सामाजिक कार्यकर्त्याला सोबत घेऊन त्यांना भेटायचं. चांगली तरतूद आहे. पण भर कोणावर? एकट्या राहणाऱ्यांवर. मुलासोबत राहणारी म्हातारी त्यात सहज मागे पडते. श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज आला तर तलाठी काय बघतो? कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत आहे का, जमीन किती, मुलगा काय करतो. म्हणजे पुन्हा तेच, “तुला कोणी आहे का?” दुष्काळातल्या मंडळ अधिकाऱ्याचा प्रश्न शंभर वर्षांनी नव्या फॉर्मवर छापला गेला.

लातूर जिल्हा परिषदेने 2020 च्या अखेरीस वेगळा मार्ग काढला. आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून 30 टक्के कापून ते आई-वडिलांच्या खात्यात भरायचे, असा ठराव केला आणि त्यानुसार कारवाईही केली. त्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण तिथेही सुरुवात तक्रारीपासून होते. जी म्हातारी “सगळं चांगलं हाये” म्हणते, तिच्यापर्यंत हा ठराव पोचत नाही.

बाहेर काय झालं

हे फक्त आपल्याकडचं दुखणं आहे असं समजू नका. ब्रिटनमध्ये 1975 मध्ये डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांत लिहिलं, की आमच्याकडे येणाऱ्या काही म्हाताऱ्यांच्या अंगावरचे वळ पडल्याचे नाहीत, घरच्यांनी मारल्याचे आहेत. लहान मुलांना होणाऱ्या मारहाणीवर तोवर बरीच चर्चा झाली होती, म्हाताऱ्यांबद्दल जवळजवळ नाही. वळ आधीही होतेच, 1975 मध्ये कोणीतरी ते लिहून काढले.

अमेरिकेत त्याच सुमारास केंद्राच्या पैशातून राज्यांनी प्रौढांच्या संरक्षणासाठी वेगळी सेवा उभी करायला सुरुवात केली. तिथे अशा चौकशीची नोकरीच असते, आणि बहुतेक वेळा पदवी घेतलेला नवखा माणूस तिथून सुरुवात करतो. त्याला शिकवलं जातं ते असं: म्हाताऱ्या माणसाशी एकट्याने बोला, घरच्यांसमोर नाही. स्वयंपाकघरात खायला काय आहे ते बघा. औषधं कोण देतं, बँकेचं पुस्तक कोणाकडे आहे, झोपायची जागा कुठे आहे ते बघा. आणि सगळ्यात अवघड गोष्ट: समोरचा माणूस शुद्धीत असेल आणि मदत नको म्हणाला, तर त्याचं ऐका. लहान मुलाला घरातून उचलून नेता येतं. सत्तर वर्षांच्या बाईला तिच्या मर्जीविरुद्ध नाही.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे 14567 हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक. 1 ऑक्टोबर 2021 रोजी तो देशभरासाठी जाहीर झाला. फोनवर माहिती तर मिळतेच, पण गरज असेल तिथे प्रत्यक्ष जाणारे क्षेत्रीय कर्मचारीही या व्यवस्थेत आहेत. 2007 च्या कायद्यात सुधारणा करणारं विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं होतं. प्रत्येक पोलीस ठाण्यात ज्येष्ठांसाठी एक जबाबदार अधिकारी, सून-जावयांवरही जबाबदारी, 10,000 ची मर्यादा काढणं, असं बरंच त्यात होतं. ते मंजूर न होताच त्या लोकसभेची मुदत संपली.

गोठा

आता बाभुळगाव तालुक्यातल्या त्या घरी परत जाऊ.

महिनाभराने मी बसची वाट बघत होतो. गावचा कोतवाल शेजारी येऊन बसला. तंबाखू मळता मळता म्हणाला, “भाऊ, तुमी त्या बुढीच्या घरी गेल्ते ना? ते घरात नाई रायत. गोठ्यात रायते.”

मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? तो म्हणाला, फेरफाराची नोटीस घेऊन मीच गेलो होतो. जमिनीची वाटणी झाली, आजीचा हिस्सा पोराच्या नावावर चढला, त्यानंतर दोन महिन्यांत तिची बाज मागे गेली. श्रावणबाळचे 600 रुपये यायचे, ते पुस्तक सुनेकडे.

म्हणजे बघा. गावात या बाईची अवस्था कोणाला माहीत होती? ज्याच्या हातात फेरफाराची नोटीस होती त्याला. सातबारावरून म्हाताऱ्या माणसाचं नाव उतरतं, तो क्षण तलाठी आणि कोतवाल यांच्या डोळ्यांसमोरून जातो. धोक्याची पहिली खूण तिथे असते. पण नोटीस कशासाठी? हरकत आहे का एवढंच विचारायला. “आजी, आता तू झोपणार कुठे?” हे विचारायचं काम कोणाच्याही कर्तव्यसूचीत नाही. त्या कोतवालाने कोणी सांगितलेलं नसताना मला सांगितलं.

आम्ही दोघं दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो, घरचे वेचणीला गेल्यावर. बैलाच्या दावणीपलीकडे बाज, वर पोत्याचा आडोसा. जेवण दिवसातून एकदा यायचं. एसडीओकडे अर्ज करता येतो, मी लिहून देतो, असं मी आजीला सांगितलं. कायदा नुकताच वाचला होता, त्यामुळे जरा जोरातच सांगितलं. आजी म्हणाली, “पोरावर केस करू काय मी? मेल्यावर आगीन कोन देईन?”

मग तुम्हाला काय हवंय, असं विचारलं. हा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता. तिने लगेच सांगितलं, “माही बाज घरात न्या. अन् माहे पैसे माह्या हातात द्या.”

कोतवालाने पोलीस पाटलांना सांगितलं, पाटलांनी मुलाला बोलावलं. मी तेव्हा तिथे नव्हतो, आणि नव्हतो ते बरंच. बाज पडवीत आली, आतल्या खोलीत नाही. पुस्तक आजीकडे आलं. अंगठा लावायला बँकेत ती नातवाला घेऊन जायची. जमीन परत मिळाली नाही. तिने मागितलीही नाही. याला न्याय म्हणायचं का, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. पुढचे काही महिने मी त्या गावाला गेलो की पडवीत थोडा वेळ बसायचो. चहा आता आजी स्वतः सांगायची.

संस्थेच्या फॉर्ममध्ये माझी ती ‘कुटुंबासोबत’ची खूण तशीच राहिली. अहवालात ती बाई सुस्थितीत असलेल्यांमध्ये मोजली गेली. उद्या कोणी अभ्यासक तो अहवाल घेऊन 2013 साली बाभुळगाव तालुक्यात म्हाताऱ्यांची परिस्थिती काय होती ते लिहील, आणि कोतवाल बुकातल्या ‘ताप’ या शब्दासारखीच माझी खूण त्याला फसवील. म्हणून ही दुरुस्ती इथे नोंदवून ठेवतोय.

तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, कोतवालांना महसूल सेवक. आपले बरेच श्रोते या नोकऱ्यांची तयारी करतात, काही लागलेतही. आशाताई, अंगणवाडी सेविकाही ऐकतात. तुमच्यासाठी तीनच गोष्टी. म्हाताऱ्या माणसाशी एकदा तरी घरच्यांच्या माघारी बोला. झोपायची जागा डोळ्यांनी बघा. आणि ‘सोबत कोण आहे’ यावर थांबू नका, ‘तुम्हाला काय हवंय’ हेही विचारा. पुढे लागलं तर 14567 आहे, एसडीओ कार्यालय आहे, आणि त्या माणसाच्या संमतीने अर्ज तुम्हीही लिहून देऊ शकता. वकील लागत नाही.

तुमच्या गावच्या जुन्या कोतवाल बुकात किंवा घरातल्या कागदांत असं काही सापडलं असेल तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.